काजळीची तार

मींड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला माझी फजिती नीट कळणार नाही. तेव्हा ते आधी सांगतो. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी न मारता तो लांबवत, वळवत न्यायचा, मधली सगळी वाट ऐकू आली पाहिजे, ती मींड. सतारीवर तार पडद्यावर दाबून बाजूला ओढली की ती निघते. मिरजेला एका बुजुर्ग सतारियांकडे मी तीन वर्षं सुट्टी मिळेल तसा जात होतो, त्यात मला ही एकच गोष्ट आली. बाकी माझा हात यथातथाच आहे. पण मींड ऐकावी तर माझी, असं लोक म्हणत. लोक म्हणजे आमचे शेजारी हंबीरराव जमादार, आणि तेही लढाईवर जाण्यापूर्वी.

हे हंबीरराव सेहेचाळीसच्या जानेवारीत पलटणीतून कायमचे कराडला परत आले आणि येताना माझ्यासाठी एक वाद्य घेऊन आले. आकाराने सतारीच्या नातवासारखं, चार तारांचं, त्यातल्या चारही तुटलेल्या.

"युकुलेली म्हणत्यात याला," ते म्हणाले. "इंफाळला एका अमेरिकन सोल्जरानं आमच्या घरची चटणी डबाभर खाल्ली. पैसं देत हुता. म्या म्हटलं, पैसं नगं, ह्ये दे. अण्णा, ह्याच्यावर तुमची मींड वाजली पायजे."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या म्युनिसिपालिटीचे चीफ ऑफिसर रावसाहेब यांच्या मुलीचा साखरपुडा सांगलीला ठरला आणि कचेरीत दप्तरदाराची जागा रिकामी झाली. मी अकरा वर्षं कोंडवाडा कारकून आहे. लोकांची मोकाट गुरं कोंडून ठेवण्यात माणसाचं तारुण्य गेलं तर त्याला दप्तरदार व्हावंसं वाटतं, यात गैर काही नाही. मी रावसाहेबांना म्हणालो, "साखरपुड्याला हवाई बेटांच्या वाद्यावर सारंग ऐकवतो." रावसाहेब "वा" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघून काही म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

राहिल्या फक्त तारा.

पहिल्यांदा सतारीच्या पोलादी तारा चढवल्या. पिळल्या तशा त्या टणक झाल्या, ओढून ओढून बोटाला चीर पडली, आणि तिसऱ्या दिवशी वाद्याची घोडी, म्हणजे तारा पेलणारी पट्टी, मुळासकट उखडून विजयमालेच्या, म्हणजे आमच्या हिच्या, पोळपाटावर जाऊन पडली. शिवाय त्या दिवसांत सातारा जिल्ह्यात तार घेऊन हिंडण्याची सोय नव्हती. तारायंत्राच्या तारा तोडणाऱ्यांना शोधून पोलीस थकले होते. माझ्या खिशात भेंडोळं सापडल्यावर एका पोलीस जमादाराने मला चावडीवर तीन तास बसवलं, आणि हे खरंच वाजवण्यासाठी आहे हे वाजवून सिद्ध करा म्हणाला. मी घरून वाद्य आणवून वाजवलं. पुन्हा वाजवणार नाही या अटीवर त्याने मला सोडलं.

मग घोडी परत चिकटवून हिच्या शालूच्या पदरातला रेशमी धागा, मेण लावून. तो छान वाकला, पण ओल्या भिंतीवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. शालूबद्दल नंतर जे आवाज आले ते इथे सांगत नाही.

तेव्हा हंबीरराव म्हणाले, "आवं, जुन्या लोकांच्या वाद्यांस्नी तात असायची. आतड्याची. दस्तगीर पिंजाऱ्याकडं जावा."

दस्तगीरभाईंचं घर नदीच्या वाटेवर. कापूस पिंजायच्या धनुकलीला आतड्याची दोरी लागते, ती ते स्वतः वळत. त्यांनी मला दोरीचे चार प्रकार दाखवले. मी एकेक ओढून पाहिली. जाड होत्या, बोटाने सरकत नव्हत्या.

"वळणारी पायजे तर बारीक आन् सैल पायजे," दस्तगीरभाई म्हणाले. "खालच्या तीन तारा ह्यातनं करून देतो. पण वरची पयली, जिच्यावर तुमचं काम, ती ह्यातनं व्हायाची न्हाई."

त्यांच्या पाठीमागे खुंटीवर एक तात वाळत होती. दोऱ्याएवढी बारीक, उन्हात मधासारखी दिसणारी. मी हात लावला तर ती ऊबदार लागली. उन्हामुळे असेल.

"ती न्हाई," ते घाईने म्हणाले. "तुमच्या घरामागं माणदेशी धनगरांची मेंढरं बसल्यात न्हवं? त्यातली एक परवा पायऱ्यांच्या विहिरीत पडून मेली. नुकती व्यालेली. आसली तात लय लवचीक असती. पर आमी धनुकलीला लावत न्हाई."

"का?"

"मागं लेकरू हाय तिच्या. दूध पितं लेकरू असलं तर ती तात वरीसभर टांगून ठिवायची. लेकरू चरायला लागलं का मग वापरायची. आमच्या बाच्या बापापास्नं हाय आसं."

माझ्या आयुष्यात मी नियमाबाहेर वागलो असेन तर ते एवढंच. मी म्हणालो, "साखरपुडा वर्षभर थांबणार नाही, दस्तगीरभाई."  त्यांनी तात काढून दिली, पण माझ्या हातात दिली नाही. खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमी उचला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं होऊन भर दुपारी सगळं सामसूम झाल्यावर मी पहिली तार चढवली. ती सुरात आणावी लागलीच नाही. खुंटी पिळता पिळता मधेच थांबली, आणि षड्ज बरोबर होता. मी बोट ठेवून जरासं ओढलं आणि अशी मींड निघाली की मिरजेच्या बुजुर्गांनी माझे कान धरले नसते. स्वर वर गेला, तिथे थरथरला, आणि खाली आला. आनंदाने मी बोट उचललं. स्वर चालूच होता. तो पुन्हा वर गेला, थरथरला आणि खाली आला.

घरामागून अगदी बारीक उत्तर आलं. "ब्यांऽऽ."

मी खिडकी उघडली. मागच्या रानात दीडशे मेंढरं होती. एकही चरत नव्हतं, एकाचंही तोंड हलत नव्हतं. सगळ्यांच्या माना माझ्या खिडकीकडे वळलेल्या होत्या. त्यांचा कुत्रा पायांत शेपूट घालून जमिनीला चिकटला होता. आणि कळपाच्या मधून, बाजूला झालेल्या मेंढ्यांच्या वाटेने, एक काळ्या डोळ्यांचं कोकरू लटपटत माझ्या घराकडे चाललं होतं.

ते ओसरीवर चढलं आणि मी वाजवत होतो त्या खोलीच्या दाराशी येऊन बसलं. मी हाकललं, ते गेलं नाही. अकरा वर्षांचा माझा अनुभव कामी आला नाही.

त्या दिवसापासून घरातली शांतता गेली. पहाटे गवळी धारा काढायला बसला की पहिली तार आपोआप ओली होई. हात लावला तर बोटाला दुधाचा वास येई. आमची ही त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली. "काय आणलंत हे घरात?" ती दाराबाहेरून विचारी. हंबीररावांनी दोनदा येऊन ऐकलं आणि म्हणाले, "फौजेत आसं काय झालं का वरच्याला रिपोर्ट करायचा, आन् आपुन लांब ऱ्हायाचं." वरचा कोण, हे त्यांना सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक उंच, वाळकी धनगरीण ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचं नाव हरणाबाई, कळप तिच्या घरचा. मी आत वाजवत होतो.

"आवं सायेब," ती म्हणाली. "माजी काजळी मेंढी तुमच्या डब्यात हाय."

मी तिला सांगितलं की हे वाद्य परदेशी असून तंतुवाद्यांत मोडतं.

"आसंल. पर आवाज काजळीचा हाय. दीडशातनं वळकती म्या." मग ती खालीच बसली आणि कोकराच्या पाठीवरून हात फिरवू लागली. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. "चार-पाच दीस झालं. दुसऱ्या मेंढीखाली जात न्हाई. बोटानं दूध घातलं तर थुकतंय. माज्या बानं लगनात मला दोन मेंढ्या दिल्या हुत्या, त्यांच्या वंसातलं आता ह्ये एकच. ह्ये गेलं म्हंजी माजं माहेर संपलं, सायेब. वाजवा, मी मेंढी आणती."

तिने एक दुभती मेंढी ओसरीवर चढवली. मी वाजवलं. मींड वर गेली, आणि कोकराने आंधळ्यासारखी मान पुढे करून त्या मेंढीला तोंड लावलं. हरणाबाईने पदर तोंडात धरला. मी थांबलो, की कोकरू थांबे आणि मान टाकून देई. म्हणून मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर माझ्या वादनाने कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मी प्रथमच पाहत होतो, आणि मला फार बरं वाटलं.

दिवसातून चार वेळा असं वाजवावं लागे. कचेरीत मला उशीर होऊ लागला. अशातच म्युनिसिपालिटीकडे तक्रार आली की अमुक घराच्या ओसरीवर मेंढरं जमतात. अशा तक्रारीची चौकशी कोंडवाडा कारकुनाने करायची असते. मी चौकशी केली, तक्रारीत तथ्य आढळलं, आणि घरमालकाला, म्हणजे मला, नोटीस काढली. घरमालक या नात्याने मी ती घ्यायचं नाकारलं. तेव्हा नियमाप्रमाणे दोन पंचांसमक्ष ती मी माझ्याच दाराला चिकटवली. दुभत्या मेंढीने ती खाल्ली. पंच हसले, आणि ते मला लागलं.

त्यामुळे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी हरणाबाई आली तेव्हा मी आधीच चिडलेला होतो.

"उद्याच्याला आमचा मेंढरांचा वाडा हालतोय, उंब्रजच्या बाजूला. आजून दोन दीस वाजवलं तर लागंल ते मेंढीला. संगं या, न्हाईतर ते वाजायचं तेवढं द्या."

"उद्या मला सांगलीला जायचं आहे."

"ते मरंल, सायेब."

"बाई," मी म्हणालो, "मी सरकारमान्य संस्थेचा नोकर आहे. मेंढरांचा पावा नाही."

हे वाक्य मला त्या वेळी चांगलं वाटलं होतं. तिने कोकराला उचलून पाटीत घातलं आणि गेली. कोकराने पाटीतून माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या वाद्याकडे पाहिलं.

सांगलीला मांडव भरगच्च होता. रावसाहेबांनी माझी ओळख करून देताना माझं नाव चुकवलं, पण आदराने चुकवलं. पुढे पुरुष, उजवीकडे बायका, आणि मागच्या खोलीत तान्ही मुलं निजवलेली. मी सारंग सुरू केला आणि पहिलीच मींड ओढली.

तार हाक मारू लागली. सारंग कुठला नि काय! वर गेली, थरथरली, खाली आली, आणि थांबली. उत्तराची वाट पाहिल्यासारखी थांबली. इथे उत्तर देणारं कुणी नव्हतं. मग तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिसरी हाक माझे हात मांडीवर असतानाच आली.

मांडवातल्या लेकुरवाळ्या बायका एकदम उठल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. हळदकुंकवाची तबकं, हातातली फुलं जिथल्या तिथे ठेवून त्या सगळ्या मागच्या खोलीकडे गेल्या. नवरी मुलगीसुद्धा उठली आणि आपल्या आईचा पदर धरून उभी राहिली. उजवी बाजू रिकामी झाली. तिथे फक्त रावसाहेबांच्या वृद्ध आई बसून राहिल्या होत्या. त्यांना गेली आठ वर्षं ऐकू येत नाही, असं मला नंतर कळलं.

त्या मला म्हणाल्या, "हिचं पिल्लू कुठे टाकून आलास रे?"

मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. पण त्याहून जास्त लाज वाटली. पाटीतली ती लोंबणारी मान मला दिसली. मी रावसाहेबांना नमस्कार केला, किंवा केला नसेन, आणि वाद्य छातीशी धरून स्टेशनाकडे पळत सुटलो.

गाडीत डब्यातली माणसं माझ्यापासून दूर दूर सरकून बसली. वाद्य गवसणीत होतं, गवसणी मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, तरी आतून हाक येतच होती. कराडला घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मागचं रान रिकामं. ही ओसरीवर उभी होती.

"सकाळीच गेल्या," ती म्हणाली. "पाटी डोक्यावर घेऊन. पिल्लू मान धरत नव्हतं. अहो, जा ना तुम्ही!" जी बाई या वाद्याच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती, तिने ते माझ्या हातातून घेतलं, गवसणी काढली आणि परत दिलं.

हंबीररावांनी सायकल काढली. उंब्रज पाच कोस. ते पॅडल मारत होते आणि मी मागे कॅरिअरवर उलटा बसून, पाय लोंबकळत, युकुलेली वाजवत होतो. हमरस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बाजूला होत होत्या. "जोरात वाजवा, अण्णा!" ते धापा टाकत ओरडत. "ऐकू गेलं पायजे म्होरं!" रस्त्याकडेच्या प्रत्येक गोठ्यातली, प्रत्येक झाडाखालची जनावरं माना वळवून आमच्याकडे पाहत होती. कोंडवाडा कारकून म्हणून मला त्या नजरा ओळखीच्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांत राग नव्हता.

उंब्रजच्या अलीकडे, नांगरलेल्या रानातून, उत्तर आलं. इतकं बारीक की हंबीररावांना ऐकू आलं नाही. तारेला आलं. ती माझ्या बोटाखाली आपणहून ताणली.

हरणाबाई कळपाच्या मधोमध बसली होती. कोकरू तिच्या मांडीवर होतं. तिने मला शिवी दिली नाही, या बसा म्हणाली नाही, नुसती मेंढी जवळ ओढली. मी ढेकळांत मांडी घातली आणि वाजवू लागलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मी वाजवत राहिलो. बोटाची जुनी चीर उकलली, तार लाल झाली. मग कोकराची शेपटी हलली. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग थांबेचना. ते पीत होतं.

मी हात काढून घेतले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तार एकटीच वाजत होती. हळू, आणखी हळू. मग ती थांबली. रान अगदी शांत झालं, आणि त्या शांततेत कोकराच्या पिण्याचा चुकचुक आवाज तसाच चालू राहिला. दीडशे मेंढरांनी एकदम माना खाली घातल्या आणि चरायला सुरुवात केली.

"सुटली," हरणाबाई म्हणाली, आणि मोठ्याने रडली.

तिने कात्रीने पहिली तार कापून घेतली आणि कोकराच्या गळ्यात सैल गाठ मारून बांधली.  हंबीरराव ढेकळांतच सॅल्यूट ठोकून उभे होते, तो कुणासाठी हे मी विचारलं नाही.

दप्तरदाराची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. रावसाहेब त्यानंतर माझ्याकडे बघून काही म्हणालेले नाहीत. दस्तगीरभाईंनी नवी तार देऊ केली, पण मी ती लावली नाही. वाद्य तीन तारांचंच ओसरीतल्या खुंटीवर टांगून ठेवलं.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात माणदेशी मेंढरं पुन्हा आमच्या मागच्या रानात उतरली. भर दुपारी एक काळ्या डोळ्यांची मेंढी ओसरीवर चढली. गळ्यात तातीची गाठ होती, आणि मागे तिचं स्वतःचं कोकरू. ती खुंटीखाली येऊन उभी राहिली आणि वर पाहू लागली. आमची ही दारात होती, मी झोपाळ्यावर होतो, वाद्याजवळ कुणीही नव्हतं.

पहिल्या तारेच्या रिकाम्या जागेतून स्वर निघाला. वर गेला, कोकराशी थांबला, आणि सावकाश खाली आला.

मींड माझ्यापेक्षा चांगली होती. हे मी लेखी द्यायला तयार आहे.